शनिवारचे इतिवृत्त

रविवार, १७ फेब्रुवारी १९७४. पक्षाच्या कचेरीतल्या तिन्ही सतरंज्या धुवायला घरी आणल्या. तीन मार्चला जिल्हा समितीची सभा आहे, आणि दिवाळीपासूनचा चहा, तंबाखू आणि पायधूळ त्यांच्यावर बसली आहे. नळाला पाणी दिवसाआड, म्हणून आधी अंगणात काठीनं झोडपून घेत होते. सतरंजीचं दुसरं टोक रंगनाथनं धरलं होतं. रंगनाथ कचेरीचा शिपाई, पन्नाशीचा माणूस. नाकाला पंचा लावून म्हणाला,

"ताई, इसाकभाऊ चालले म्हनं. उद्या सकाळच्या एस.टी.नं. ठान्याला, लेकीकडं."

"जाऊन येतील."

"न्हाई वो. घर सोडलंय. मालक नवा भाडेकरू दाखवून बी गेला."

मी उरलेली धूळ झटकली, सतरंज्या भिजत घातल्या आणि हात धुतले. इसाकरावांबद्दल काही लिहून ठेवायचं तर आजच, असं वाटलं. उद्यापासून लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला लागतील आणि मग खरं आठवणं कठीण जाईल.

इसाकराव वरसोलकर आमच्या पक्षाच्या जिल्हा समितीचं इतिवृत्त लिहीत; मी तिथली सहचिटणीस. तीस वर्षं. पोटासाठी ते एका छापखान्यात खिळे जुळवत, म्हणजे अक्षर अक्षर वेचून ओळ लावत. किडकिडीत अंग, दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांना न जाणारी काळी शाई, कोपरांना ठिगळ लावलेला करडा कोट. टेबलापलीकडून तुम्ही काही लिहायला घेतलंत तर ते समोरून, उलट्या बाजूनं वाचत आणि तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत चूक सांगत. "'समीती' नव्हे ताई, 'समिती'." मला त्याचा राग येई. माझा शिवणवर्ग आहे. मी कुणाची शिवण तिच्या मांडीवर असताना उसवत नाही.

मी एकदा विचारलं, "उलटं वाचायला शिकलात कुठं?"

"अर्धं छापखान्यात, अर्धं वडिलांकडे. आमची पोथी उजवीकडून डावीकडे. मला सरळ वाचायलाच जरा जड जातं."

ते बेने इस्राएल, म्हणजे इकडचे यहुदी. कोकणातले शनवार तेली; शनिवार त्यांचा विसाव्याचा, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून ते नाव. आजोबा पलटणीबरोबर नगरला आले आणि राहिले. मी पक्षात आले तेव्हा गावात त्यांची तीन घरं होती, नंतर दोन झाली, मग हे एकच. लोकांना ते कोण हे कधी कळलंच नाही. नगरला मिशन मोठं, त्यामुळे नाव ऐकून सगळे त्यांना ख्रिस्ती समजत. राहात्याला एका सभेत यजमानांनी मोठ्या आदरानं विचारलं, "आपण मिशनपैकी का?" इसाकराव म्हणाले, "नाही. त्यांच्या आधीचे." यजमानांना काही उमजलं नाही, त्यांनी आणखी एक भाकरी वाढली. दुसरीकडे कुणी त्यांना मुसलमान समजून ईदच्या शुभेच्छा दिल्या. त्यांनी त्याही घेतल्या. म्हणाले, "शुभेच्छा परत करू नयेत."

त्यांची बायको, रिबकावहिनी, होत्या तोवर वर्षातून एकदा कचेरीत मलिद्याचं ताट येई: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वरून केळी आणि खजूर. ताट आलं की ठराव बाजूला पडत. दर वर्षी आमचे अध्यक्ष नाना विचारीत, "इसाक, हा कुठला सण रे?" आणि इसाकराव दर वर्षी सगळं पहिल्यापासून सांगत. नाना त्यांचे जुने सोबती. बेचाळीसला विसापूरच्या तुरुंगात दोघं एका बराकीत होते.

आता शनिवारचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

इसाकराव शनिवारी लिहीत नसत. शुक्रवारी दिवस मावळला की पेन टेबलाच्या खणात, ते शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. देवधर्माचं फार करणारे नव्हते. वर्षातला मोठा उपास तेवढा पुण्याला, त्यांच्या प्रार्थनामंदिरात जाऊन धरीत. पण हा एक नियम त्यांनी मोडलेला मी पाहिला नाही. आणि आमच्या सभा बहुतेक शनिवारीच. नगरला कामं उरकायला आलेले तालुक्याचे लोक शनिवारी रात्री मुक्कामाला राहत आणि रविवारी आपापल्या वाटेला लागत. तेव्हा शनिवारी इसाकराव नानांच्या डाव्या हाताला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसत आणि ऐकत. रविवारी सकाळी कचेरीत येऊन सगळं उतरवून काढत. पाच तासांची सभा असली तरी. कुणी काय सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं, कुणी काय म्हटलं, सगळं.

पहिल्यांदा मला हे पटलं नाही. मी म्हटलं, "तोवर मी टिपणं काढू का?"

"काढा. मी बघणार नाही."

मी दोन सभा टिपणं काढली आणि त्यांच्या इतिवृत्ताशी ताडून पाहिली. चुका माझ्याच निघाल्या. मग सोडून दिलं.

दुष्काळाच्या वर्षी एका शनिवारी दोन तालुक्यांचे पुढारी कामांच्या वाटणीवरून हमरीतुमरीवर आले. कोण आधी काय म्हणालं यावर दोघं रात्रभर भांडले आणि रविवारी सकाळी दोघंही कचेरीच्या पायरीवर येऊन बसले. इसाकरावांनी लिहून होईपर्यंत त्यांना आत घेतलं नाही. मग वही समोर ठेवली. त्यात दोघांची वाक्यं होती, आणि मध्ये एक ओळ होती: "येथे अध्यक्षांनी चहा मागवला, तो कोणी घेतला नाही." दोघांनी वाचलं. एक जण म्हणाला, "व्हय, असंच झालं." दुसरा काही बोलला नाही, म्हणजे त्यालाही मान्य होतं. कुणी वाक्य जरा मऊ करायला सांगितलं की इसाकरावांचं ठरलेलं उत्तर असे: "जसं झालं तसं."

इतिवृत्ताचे त्यांचे नियम त्यांनी मला शिकवले. खोडरबर लावायचं नाही. पान फाडायचं नाही. पुढच्या सभेत पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे; वाचताना कुणाची हरकत असेल तर तेव्हाच घ्यायची; एकदा कायम झालं की त्याला ब्रह्मदेवानंही हात लावायचा नाही. आमच्या पक्षात तत्त्वं पुष्कळांनी सोडली, पण हा पहिला विषय कधी सुटला नाही.

गेल्या ऑक्टोबरात तिकडे इस्राएल आणि अरबांची लढाई पेटली. महिन्याभरात आमच्याकडे रॉकेलच्या रांगा लागल्या. प्रांतिक कचेरीकडून पुस्तिकांचा एक गठ्ठा आला, वाटण्यासाठी. मुखपृष्ठावर चित्र होतं: आकड्यासारखं वाकडं नाक, बोटांत अंगठ्या, मांडीवर थैल्या, आणि पायाखाली पृथ्वीचा गोळा. कुठल्या तरी परदेशी चित्रावरून काढलेलं असणार, कारण असा माणूस आमच्या जिल्ह्यात कुणी पाहिलेला नाही. काष्टीचे तुकारामआबा गठ्ठा न्यायला आले होते. त्यांनी चित्र लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"ह्यो कोन म्हनायचा? आमच्या बैलबाजारात दलाल येतो, त्याच्यावानी दिसतोय."

"यहुदी," नाना म्हणाले.

"म्हंजी?"

इसाकराव कोपऱ्यात दिव्याची काच पुसत होते. म्हणाले, "म्हणजे मी, आबा."

आबांनी चित्राकडे पाहिलं, इसाकरावांकडे पाहिलं, आणि मोठ्यानं हसले. "काय चेष्टा करता मास्तर! तुमच्या बोटात तर शाई हाय."

सगळे हसले. इसाकरावही हसले. मग त्यांनी गठ्ठा सुतळीनं बांधून माळ्यावर टाकला आणि प्रांतिकला पत्र लिहिलं. त्याची नक्कल फायलीत आहे. लढाईविरुद्ध ठराव करावा, घरादाराला मुकलेल्या अरबांच्या बाजूनं करावा, त्याला आपला पाठिंबा आहे. तिथल्या सरकारला हव्या त्या शब्दांत दोष द्यावा, आपणही देऊ. पण हे चित्र सरकारचं नाही, एका जातीचं आहे, आणि जातीचं चित्र वाटणारा पक्ष आपला नव्हे. उत्तर आलं नाही. पंधरवड्यानं त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. त्याचंही आलं नाही. तेव्हा मी म्हटलं, "जाऊ द्या हो. पुस्तिका वाटल्या तर नाहीत." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. थकलेले दिसत होते. वयाला शोभेल इतकेच थकले असतील, असं मी धरून चालले.

नोव्हेंबरातली सभा शनिवारची होती. विषय रॉकेल. श्रीगोंद्याचे दिनकरराव बोलायला उभे राहिले. उसाचे बागायतदार, वकिली शिकलेले, पुढच्या निवडणुकीला उभे राहणार हे ठरल्यासारखंच. बोलायला लागले की सभा जागी होई.

"ह्या रांगा कुणामुळं लागल्या? यहुद्यांमुळं. जातच तसली, खाल्ल्या घरचे वासे मोजनारी. आन् लांब कशाला जायचं? आपल्यातबी हायेत की, एक पाय हितं, एक पाय तिकडं. उद्या भरवसा कुनाचा धरायचा?"

काही जण हसले. जे हसले नाहीत ते आपापल्या चहाकडे पाहत होते. मी इसाकरावांच्या शेजारी बसले होते. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, तसेच राहिले. दिनकरराव पुढे सरकारी कोट्यावर बोलले, आणि ते चांगलं बोलले.

सभा उठल्यावर नानांनी इसाकरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "मनावर घेऊ नको. तुला थोडंच म्हणाला तो?"

"मग कोणाला? इथं दुसरं कोण आहे?"

"बोलण्याच्या भरात जातं रे एखादं."

"बरं," इसाकराव म्हणाले, आणि टोपी घालून गेले.

पुढची सभा डिसेंबरात, रविवारी झाली. पहिला विषय. इसाकरावांनी उभं राहून मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं, एका सुरात, नेहमीसारखं. दिनकररावांची ती सगळी वाक्यं त्यात होती, त्यांच्याच बोलीत, अवतरणचिन्हांत. त्यांच्याखाली एक ओळ होती: "सभेत कोणीही हरकत घेतली नाही."

वाचून संपल्यावर बाहेरच्या टांग्याची घंटा ऐकू आली.

दिनकरराव हसत उठले. "इसाकभाऊ, हे मी कवा म्हनलो?"

"नोव्हेंबरच्या सभेत. चौथ्या विषयावर."

"तुमी लिहीत हुता का तवा?"

"नाही. शनिवार होता."

"मग झालं तर! हातात पेन न्हाई, कागद न्हाई, आन् दुसऱ्या दिवशी घरबसल्या माझ्या तोंडी घालायचं? असलं काय वकील पुरावा म्हनून घेत न्हाई."

"तीस वर्षं शनिवारचं रविवारी लिहितोय. आजवर कोणी शब्द बदलून मागितलेला नाही."

"आज मागतोय."

नाना मध्ये पडले. "इसाक, असं कर. दिनकररावांचं राहू दे हवं तर, थोडक्यात. पण ती शेवटची ओळ काढ. ती सगळ्यांनाच लागते."

"लागू दे."

"तुमी तरी घेतली का हरकत?" दिनकरराव म्हणाले. "तुमीबी गपच हुता की!"

"म्हणून तर 'कोणीही' लिहिलंय. त्यात मी आलो."

मग नाना माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही शेजारीच होतात. तुम्ही काय ऐकलंत?"

श्रीगोंद्याला मला शिवणवर्ग काढायचा होता. बावीस बायकांनी नावं दिली होती. खोली दिनकरराव देणार होते, बाजारतळाजवळची, दोन खिडक्यांची. मी त्यांना ती दोनदा जाऊन मागितली होती. हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं असं मी म्हणणार नाही. तसं काही डोक्यात यावं लागत नाही.

मी म्हटलं, "गडबड होती. मला नीट ऐकू आलं नाही."

इसाकरावांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मतं घेतली. वगळण्याच्या बाजूनं सगळे हात, माझाही. विरुद्ध एक. मग इसाकराव बसले, खिशातून पट्टी काढली आणि त्या ओळींवरून एक एक सरळ रेघ मारली, अशी बारीक की खालचं प्रत्येक अक्षर वाचता यावं. समासात लिहिलं, "बहुमताने वगळले," आणि सही केली. शाई वाळेपर्यंत वाट पाहिली. वही मिटून माझ्यासमोर सरकवली.

"पुढचं ताईंनी लिहावं. अक्षर बरं आहे."

बाकीच्या विषयांना ते बसून राहिले. मधून उठून गेले नाहीत. दिनकररावांना त्यांनी पाण्याचा तांब्याही पुढे केला. पण त्यानंतर ते कचेरीत आले नाहीत. राजीनामा दिला नाही, कुणाकडे बोललेही नाहीत. नाना दोनदा घरी जाऊन आले. परत येऊन म्हणाले, "चहा देतो, विसापूरच्या गोष्टी काढतो, आणि पक्षाचं नाव निघालं की दार लावून घेतो." मला वहीत ऱ्हस्वदीर्घ सांगणारं कुणी राहिलं नाही. वही माझ्याकडे आली ती तशीच, आणि श्रीगोंद्याची खोलीही मिळाली.

आज पिळलेल्या सतरंज्या दोरीवर टाकल्या आणि चारच्या सुमारास त्यांच्या घरी गेले. दार उघडं होतं. आत दोन ट्रंका, एक वळकटी, आणि भिंतीवर कॅलेंडरं होती तिथे फिकट चौकोन. इसाकराव स्टुलावर उभे राहून दाराच्या चौकटीवरची ती लहान तिरकी नळी काढत होते. यहुद्यांच्या दाराला ती असते, आत त्यांचं वचन लिहिलेलं असतं. मी इतकी वर्षं ती नळी फक्त पाहिली होती.

"या ताई. स्टूल धरा जरा, डुगडुगतंय."

मी धरलं. त्यांनी दुसरा स्क्रू काढला, नळी पुसून खिशात ठेवली.

"ठाण्यालाच ना? लोक म्हणतील, त्यांच्या देशाला गेले."

"ठाण्यालाच. पुढं समुद्र आहे, आणि मला पोहता येत नाही."

मी हसले नाही. म्हटलं, "इसाकराव, त्या दिवशी मी ऐकलं होतं. सगळं."

"माहीत आहे. तुम्ही हसला नव्हतात, तेही माझ्या लक्षात आहे."

"मग डिसेंबरात मला तिथल्या तिथं खोटं का नाही पाडलंत?"

"दमलो होतो, ताई. दिनकररावाचं मला काही वाटलं नाही. निवडणुकीची हवा असते, माणूस बोलतो. त्याला तिथंच कोणी 'खाली बस' म्हटलं असतं तर मीच ते लिहिलं नसतं. मी वाट पाहिली. चहा आला, चहा संपला. घरी आलो तरी वाटत होतं, नाना येईल. कोणी तरी येईल." खाली उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. हात हलका लागला. "प्रत्येक वेळी ज्याला लागलं त्यानंच उठून सांगायचं, याचा कंटाळा आला."

मी म्हटलं, "आता काही करता येईल का?"

"कायम झालेल्याला हात लावायचा नाही."

"ते माहीत आहे."

"विषय घालता येतो." मग, सवयीनंच असावं, त्यांनी विचारलं, "तीन मार्चच्या सभेची पत्रं गेली का? सात दिवस आधी पोचली पाहिजेत."

"नाही गेली."

"मग उद्या टाका."

मी निघाले. कोपऱ्यावरून मागे पाहिलं तर ते पुन्हा स्टुलावर चढले होते आणि चौकटीतली दोन भोकं साबणाच्या चुऱ्यानं बुजवत होते, अंगठ्यानं दाबून दाबून सपाट करत. घरमालकानं काही म्हणायला नको म्हणून. स्टूल डुगडुगत होतं. धरायला कुणी नव्हतं.

सोमवार, १८ फेब्रुवारी. सकाळी चहाच्या आधी पोस्टकार्डं घेऊन बसले. विषय पहिला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय दुसरा: नोव्हेंबरच्या सभेत श्री. दिनकरराव यांनी यहुदी समाजाविषयी काढलेले उद्गार आपण ऐकले होते व डिसेंबरच्या सभेत खोटे सांगितले, याबाबत सहचिटणीसांचे निवेदन, आणि त्या उद्गारांस हरकत. तिसरा विषय रॉकेल. कार्ड घेऊन नानांकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "तो तर गेला आज सकाळी. आता कशाला उकरता?" मी म्हटलं, सही तुमची नको असेल तर माझी चालते, नियमात आहे. त्यांनी कार्ड परत दिलं. त्यांच्याच ओट्यावर बसून उरलेली दहा कार्डं लिहिली. श्रीगोंद्याचं, दिनकररावांचं, आधी लिहिलं. सगळी टपालपेटीत टाकली आणि दहाला इथला शिवणवर्ग उघडला.